हॉस्पिस? काहून घाबरता भाऊ!

माहीत आहे का, अमेरिकेचे एक माजी राष्ट्राध्यक्ष हॉस्पिसची सेवा सुरू झाल्यावर 22 महिन्यांहून जास्त जगले?

जिमी कार्टर! 18 फेब्रुवारी 2023 ला जाहीर झालं, की आता हॉस्पिटलच्या फेऱ्या बंद, घरीच हॉस्पिस केअर. जगाला वाटलं, झालं, दोन-चार दिवसांचा खेळ. पण कार्टरसाहेब कसले ऐकतात! 1 ऑक्टोबर 2024 ला त्यांनी वयाची शंभरी गाठली, त्याच महिन्यात निवडणुकीचं मतदानही उरकलं आणि 29 डिसेंबर 2024 ला निवांतपणे निरोप घेतला. आपल्याकडे ‘शंभर भरले’ म्हणजे संपलं. कार्टरांनी खरोखरच शंभर भरले आणि वर तीन महिने बोनस खाल्ला!

आता यातला खरा ट्विस्ट बघा. या सगळ्या काळात कार्टर कुठल्या ‘हॉस्पिस’ नावाच्या इमारतीत नव्हतेच. ते होते आपल्या गावात, आपल्या घरात. कारण हॉस्पिस ही आधी सेवा असते, शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटचा त्रास कमी करणारी. बिल्डिंग असली तर उत्तम, नसली तर पेशंटची खाटच हॉस्पिस.

आपल्या नागपुरात मात्र ‘हॉस्पिस’ किंवा ‘पॅलिएटिव्ह केअर’ (मोठ्या आजारात केव्हाही घेता येणारी तशीच काळजी) म्हटलं, की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो आणि ऐकणारा म्हणतो, “म्हणजे आता काही होत नाही काय बाप्पा?” होतं ना! बरंच काही होतं. चला, एकेक गैरसमज सोलून काढू. संत्र्याचं शहर आहे, सोलायची आपल्याला सवय आहे.

“तिथून कोणी परत येत नाही”

कोण म्हणतं? आर्ट बुकवाल्ड हे नाव ऐकलंय का? अमेरिकेतला तुफान विनोदी स्तंभलेखक. 2006 च्या फेब्रुवारीत त्याची किडनी बसली, त्यानं डायलिसिसला साफ नकार दिला आणि वॉशिंग्टनच्या हॉस्पिसमध्ये मुक्काम ठोकला. डॉक्टरांच्या हिशेबानं काही आठवड्यांचाच पाहुणा. पण किडनीनं यू-टर्न घेतला! पठ्ठ्या हॉस्पिसमधून डिस्चार्ज घेऊन बाहेर पडला, उन्हाळ्याची सुट्टी एन्जॉय केली आणि या अनुभवावर एक अख्खं पुस्तक लिहून मोकळा झाला. गेला तो थेट जानेवारी 2007 मध्ये.

बुकवाल्ड अपवाद होता, मान्य. पण दुखणं आटोक्यात आलं, जखम सुकली, झोप लागायला लागली, की पेशंटला घरी सोडणं ही हॉस्पिसमधली रोजची गोष्ट आहे. डिस्चार्ज कार्ड तिथेही असतं हो!

मुक्ती भवन वेगळं, हॉस्पिस वेगळं

ही गल्लत फार जुनी. वाराणसीत 1958 पासून ‘काशी लाभ मुक्ती भवन’ आहे. अखेरचा श्वास काशीत घ्यावा म्हणून लोक तिथे येतात. मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा. तिथे भजन आहे, गंगाजल आहे, पण डॉक्टरांचा राउंड नाही आणि औषधांची ट्रॉलीही नाही, कारण येणारा बरं वाटावं म्हणून येतच नाही.

हॉस्पिसमध्ये उलटं. तिथे डॉक्टर आहेत, नर्स आहेत, दर चार तासांनी गोळी आहे, आणि सकाळचा पहिला प्रश्न असतो, “काल रात्री किती दुखलं? दहापैकी किती मार्क?” आयुष्यभर जास्त मार्कांमागे धावलेल्या माणसाला इथे शून्य मिळालं, की वॉर्डभर आनंद!

भारतात पहिलं कुठे? आपल्याकडेच!

माहीत आहे का, देशातलं पहिलं हॉस्पिस महाराष्ट्रात सुरू झालं? 1986, मुंबई, वांद्रे, माउंट मेरीजवळ. नाव ‘शांती आवेदना सदन’, सुरू करणारे कॅन्सर सर्जन डॉ. लुईस जोस डिसूझा. म्हणजे ज्यांच्या हातात आयुष्यभर चाकू होता, त्यांनाच कळलं की चाकू खाली ठेवल्यावरही डॉक्टरचं काम संपत नाही. गोव्यात लोटलीलाही याच संस्थेचं केंद्र आहे.

पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर चालतं. सेवा मोफत, सोबत घरचं माणूस राहू शकतं, आणि इथे यायला ‘शेवटच्या टप्प्याची’ अट नाही. आजाराचं निदान झाल्यापासून केव्हाही या!

आणि नागपूर? आपल्याकडे ‘स्नेहांचल’ आहे. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या पेशंटची मोफत काळजी घेणारं केंद्र. शहरात कॅन्सरच्या मोठमोठ्या हॉस्पिटलांची नावं शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण ‘स्नेहांचल’ म्हटलं की भले भले डोकं खाजवतात. फुटाळ्याचं कारंजं सगळ्यांना माहीत, हे नाही. चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा.

चौकातली गंमत

मानेवाडा रोडवर तुकडोजी पुतळा चौकात ऑटोवाल्याला नुसतं “हॉस्पिटल” म्हणा. तो विचारेल, “कॅन्सर हॉस्पिटल ना?” राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल. विदर्भ तर येतोच, शिवाय छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगड, तेलंगणाकडूनही पेशंट नागपूरच्या वाटेला लागतात. ज्यांचं नाव पाटीवर आहे, ते ग्रामगीतेचे राष्ट्रसंत स्वतः कॅन्सरनेच गेले, 11 ऑक्टोबर 1968 ला, गुरुकुंज मोझरीत. हे किती जणांना ठाऊक आहे?

आता सीन बघा. बाप-लेक ऑटोतून उतरतात. समोर फूटभर अक्षरांत ‘कॅन्सर’ लिहिलेलं. बाप चष्मा लावून पाटी वाचतो. आत गेल्यावर लेक डॉक्टरांना डोळा मारून हळूच म्हणतो, “सर, बाबांना सांगू नका हं, त्यांना अल्सर सांगितलाय!”

सर काय करणार बिचारे. बाबांना ठाऊक असतं. बाबांना ठाऊक आहे हे आईला ठाऊक असतं. फक्त एकमेकांशी बोलायचं नाही असं अख्ख्या घराचं ठरलेलं असतं! पॅलिएटिव्हचे डॉक्टर यावर एक साधी युक्ती वापरतात. ते काही ‘सांगत’ नाहीत, आधी पेशंटला विचारतात, “तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतं? किती जाणून घ्यायचंय?” कोणी म्हणतं, “सगळं सांगा, शेतीची वाटणी करायची आहे.” कोणी म्हणतं, “मला नको, पोराला सांगा.” दोन्ही उत्तरं बरोबर. प्रश्न मात्र पेशंटलाच विचारायचा असतो, कॉरिडॉरमधल्या जावयाला नाही.

खसखस पिकते कुठे?

एक, गांधीसागरच्या हास्यक्लबात. दोन, नीमचच्या शेतात!

माहीत आहे का, अनारशावर चिकटलेली ती इवलीशी खसखस आणि कॅन्सरच्या वेदनेवरचं मॉर्फिन एकाच झाडाची पोरं आहेत? अफूच्या बोंडाला चीर दिली की चीक निघतो, त्यापासून मॉर्फिन. बोंड वाळलं की आतल्या बिया म्हणजे खसखस. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात केंद्र सरकारच्या परवान्यानं ही शेती होते, आणि चीक जातो तो नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत. गाझीपूरचा कारखाना 1820 चा, कंपनी सरकारच्या जमान्यातला!

म्हणजे वेदनेचं औषध आपल्याच मातीत पिकतं. तरी आपलाच पेशंट कण्हत बसतो. याला काय म्हणावं? 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट केलं, की एकेका राज्यात ढीगभर परवाने लागायचे आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती यायचा नाही. हॉस्पिटलांनी कंटाळून नादच सोडला. डॉक्टरांची अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी न लिहिता रिटायर झाली. 2014 मध्ये कायदा बदलला, देशभर एकच नियम आला, गाठ सुटली. कागदावरची. डोक्यातली अजून तशीच.

“मॉर्फिन? म्हणजे नशा लागेल ना!” हा प्रश्न तंबाखूच्या खर्ऱ्याशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही तेच विचारतात, ही नागपूरची खास गंमत. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत, मोजून दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं फार दुर्मीळ. “मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपलं” हेही चूक. दुखणं कमी करून लोक मॉर्फिनवर महिनोन्महिने घरकाम करतात, नातवंडांना शाळेत सोडतात.

गोळीचं टाइमटेबल तर ऐका. सकाळी 6, मग 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10. रात्रीचे 2 कुठे गेले? पेशंटनं झोपायचं नाही का! म्हणून पुष्कळ ठिकाणी 10 वाजता डबल डोस देतात आणि मध्यरात्रीची सुट्टी. ‘दुखलं की घ्या’ हा नियम इथे चालत नाही. दुखण्याआधीच गोळी पोटात हवी. दुखणं लेट, गोळी राइट टाइम!

आणि एक गुपित. मॉर्फिनची चिठ्ठी लिहिताना जाणता डॉक्टर त्याच हातानं पोट साफ होण्याचं औषधही लिहितो. कारण मॉर्फिनचा नंबर वन साइड इफेक्ट नशा नाहीच मुळी. बद्धकोष्ठ! किती अनरोमँटिक.

पाच रुपयांची नाही, पण स्वस्तातली जादू

थोडं गंभीर. विदर्भात खर्रा घोटतात. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून खसाखसा. बंदी कागदावर, टपरी कोपऱ्यावर. मग तोंडाचे कॅन्सर आलेच. काहींच्या गालाला जखम होते, ती आरपार जाते, आणि तिला वास येतो. घरातली माणसं दुसऱ्या खोलीत जेवायला लागतात. नातवाला आजोबांजवळ पाठवत नाहीत. माणूस कॅन्सरच्या आधी त्या एकटेपणानं खचतो.

यावर हॉस्पिसच्या नर्सकडे काय असतं माहीत आहे का? मेट्रोनिडाझोल! हो, तीच पोट बिघडल्यावर घेतो ती गोळी. दोन चमच्यांत दाबून तिची बारीक पूड करायची, जखम स्वच्छ धुऊन त्यावर भुरभुरायची, वर ड्रेसिंग. वास ज्या जंतूंमुळे येतो त्यांना हवा सोसत नाही, आणि ही गोळी नेमकी त्यांच्यावरच तुटून पडते. काही दिवसांत वास ओसरतो. आजोबांचं ताट परत सगळ्यांच्या पंगतीत येतं. हे करायला ना रोबोट लागतो, ना स्कॅन. कोणीतरी शिकवायला हवं, एवढंच.

दुसरी जादू बॅटरीवरच्या छोट्या हातपंख्याची, मुलं जत्रेत घेतात तोच. धाप लागलेल्या पेशंटच्या गालावर आणि नाकाजवळ गार झोत सोडा. चेहऱ्याच्या नसा मेंदूला निरोप देतात, ‘हवा येतेय रे बाबा’, आणि गुदमरल्यासारखं वाटणं खरोखर कमी होतं. नागपूरच्या मे महिन्यात तर डबल फायदा!

आता एक ‘कौन बनेगा’ टाइप नगेट. शेवटच्या दिवसांत गोळी गिळता येत नाही, तेव्हा खिशात मावेल असं एक यंत्र सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलत कातडीखाली औषध सोडतं. 1970 च्या दशकात ते बनवलं ब्रिटनच्या मार्टिन राइट यांनी. याच गृहस्थानं दम्याच्या पेशंटनी फुंकायचं मीटर बनवलं आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना फुंकायला लावतात तसलं यंत्रही! एकच डोकं, तीन यंत्रं.

खिडकीचे 500 पौंड

आधुनिक हॉस्पिसची आई कोण? डेम सिसिली सॉन्डर्स. आधी नर्स झाल्या, पाठ दुखावली म्हणून समाजसेविका झाल्या, आणि “वेदनेवर काम करायचं तर डॉक्टर व्हावं लागेल” म्हणून तिशी ओलांडल्यावर मेडिकलला गेल्या. एकाच बाईचे तीन पेशे!

1948 मध्ये लंडनच्या एका वॉर्डात त्यांना डेव्हिड टास्मा भेटला. पोलंडचा ज्यू निर्वासित, हॉटेलात वेटर, ना नातेवाईक ना घर. कॅन्सरनं जाताना त्यानं सिसिलींच्या नावे 500 पौंड ठेवले आणि सांगितलं, तुमच्या त्या घरात मी खिडकी होईन. घराचा पत्ता? अजून विटासुद्धा रचल्या नव्हत्या! पुढे 19 वर्षं खपून त्यांनी 1967 मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभं केलं. वेटरची ती खिडकी तिथे आहे. आणि 2005 मध्ये सिसिलीबाईंनी शेवटचा श्वास घेतला तोही याच हॉस्पिसमध्ये.

“इंजेक्शन देऊन सोडवतात म्हणे”

साफ खोटं! हॉस्पिस मरण लवकर आणत नाही आणि उगाच लांबवतही नाही. इच्छामरणाशी त्याची सांगड घालणं म्हणजे सावजीच्या रश्श्यात संत्रा बर्फी बुडवणं.

नागपूरपासून तासा-दीड तासावर पवनार. तिथे विनोबा भाव्यांनी 1982 च्या नोव्हेंबरात अन्न, पाणी, औषध सोडलं आणि 15 नोव्हेंबरला देह ठेवला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, वेगळ्या परंपरेतला. हॉस्पिसमध्ये कोणी कोणाचं अन्न तोडत नाही. उलट शेवटच्या टप्प्यात पथ्यं सैल होतात. शुगरवाल्या आजीला संत्रा बर्फीचा तुकडा हवा? घ्या आजी! मात्र भूक आपोआप मंदावलेली असताना “एक घास बाळा” म्हणत तोंडात कोंबायचं नाही. घास श्वासनलिकेत गेला तर त्रास वाढतो.

आणि कायदा? 2011 मध्ये अरुणा शानबाग खटल्यात सुप्रीम कोर्टानं काही अटींवर उपचार थांबवायला पहिल्यांदा वाट दिली. खुद्द अरुणाताईंसाठी मात्र नाही, कारण त्यांना सांभाळणाऱ्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेस त्यांना सोडायला तयार नव्हत्या. 1973 पासून 2015 पर्यंत, 42 वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकही बेडसोअर होऊ दिला नाही, असं या नर्सेस अभिमानानं सांगतात. याचं रेकॉर्ड कुठल्या बुकात नोंदवायचं?

2018 मध्ये कोर्टानं ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, बस. 2024 मध्ये गोव्यात पहिलं असं विल नोंदवलं ते कोणी, माहीत आहे का? मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी! जजसाहेबांनी स्वतःचाच निकाल आधी लिहून ठेवला.

झटपट फैरी

फक्त कॅन्सरसाठी? नाही हो! जागतिक आरोग्य संघटना सांगते, अशी काळजी लागणाऱ्या मोठ्या माणसांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचे 38.5 टक्के, कॅन्सरचे 34 टक्के. कॅन्सर दुसऱ्या नंबरवर!

फक्त म्हाताऱ्यांसाठी? 1982 मध्ये ऑक्सफर्डला ‘हेलेन हाउस’ सुरू झालं, जगातलं पहिलं मुलांचं हॉस्पिस.

सहा महिन्यांचंच आयुष्य उरलं असेल तरच हॉस्पिस, हा नियम? तो अमेरिकन मेडिकेअरचा. हॉलिवूड बघून इथे लावू नका.

डिग्री नसलेले डॉक्टर? चला! मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात 2012 पासून यात एमडी होता येतं.

सर्वांत फिल्मी सेवा? नेदरलँड्सच्या एका अँब्युलन्स ड्रायव्हरची. 2007 पासून त्याची संस्था अखेरच्या टप्प्यातल्या पेशंटना स्ट्रेचरसकट समुद्रावर, लग्नात, म्युझियममध्ये नेते. स्ट्रेचरवरून रेम्ब्रांटची चित्रं बघणाऱ्या आजीबाईंचा फोटो जगभर फिरला.

भारताचा नंबर? 2010 मध्ये 40 देशांच्या ‘क्वालिटी ऑफ डेथ’ यादीत आपण कितवे? चाळिसावे! 2015 मध्ये 80 देशांत 67 वे. वर्गात शेवटून पुढे सरकतोय, पण बाक अजून मागचाच. महाराष्ट्रानं 2012 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं, केरळपाठोपाठ. पण केरळात ती सेवा गल्लीत पोचली, आपल्याकडे अजून फाइलीतून बाहेर पडतेय.

सगळ्यात मोठा धक्का

2010 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 पेशंटचा अभ्यास छापून आला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यासोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाचं जगणं सुधारलं, उदासी कमी झाली, हे अपेक्षितच. त्यांनी शेवटी-शेवटी जहाल केमोही कमी घेतली. आणि तरी ते जास्त जगले! मध्यक 11.6 महिने विरुद्ध 8.9. “हॉस्पिसवाल्यांकडे गेलं की माणूस लवकर जातो” म्हणणाऱ्या काकांना हा आकडा व्हॉट्सअ‍ॅप करा.

म्हणून भाऊ, ताई, घरात कोणाचा मोठा आजार चालू असेल तर ‘आता काही होत नाही’ची वाट बघू नका. मेडिकल असो, मेयो असो, एम्स असो की कॅन्सर हॉस्पिटल, पुढच्या फेरीला खिडकीवर एवढंच विचारा, “पॅलिएटिव्हवाले डॉक्टर कोणत्या वारी बसतात?” जाताना रिपोर्टची फाइल आणि सध्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. पेशंटला आणणं जमत नसेल, तर घरचं कोणीतरी एकजण जाऊन या. बोलणं तिथूनही सुरू होतं.